काउंटरवरून : कुठल्या कामाला कुठला हातमोजा?

गेल्या महिन्यात गमबुटांवर लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की हातमोज्यांबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा. पत्रं आणि मेसेज मिळून एवढे प्रश्न आले, की निम्मे बाजूला ठेवावे लागले. जे घेतलेत त्यांतलीही पत्रं थोडी कापली आहेत, राग मानू नका.

नव्या वाचकांसाठी सांगते, कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं सेफ्टी सामानाचं दुकान आहे. तिथं रोज कोणी ना कोणी येऊन म्हणतं, "ताई, चांगल्यातला ग्लोज दाखवा." मी विचारते, "हाताला काय होतंय? कापतंय, टोचतंय, भाजतंय, का काही लागून कातडं जातंय?" गिऱ्हाईक वैतागतं. पण हे कळल्याशिवाय मी खोकं उघडत नाही. एकाला कापण्यासाठी दिलेला हातमोजा दुसऱ्याने भाजण्याच्या कामाला वापरला, तर तो हाताला वितळून चिकटू शकतो.

प्रश्न : माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक मिलिंग. ज्या कंपनीचे जॉब करतो तिचा माणूस ऑडिटला आला आणि म्हणाला, सगळ्यांच्या हातात ग्लोव्हज दिसले पाहिजेत. मी महागातले कट-रेझिस्टंट आणले. पण ड्रिलवरचा पोरगा घालतच नाही. त्याला दंड लावू का?
— वर्कशॉप मालक, इचलकरंजी

उत्तर : दंड राहू द्या, त्याला चहा पाजा. पोरगं बरोबर आहे.

फिरत्या स्पिंडलजवळ, म्हणजे यंत्राच्या फिरत्या दांड्याजवळ, हातमोजा घालायचा नाही. ड्रिल, लेथ, मिलिंग, तिन्हींवर नाही. ड्रिल मिनिटाला 600 फेरे घेत असेल तर सेकंदाला 10 झाले. हातमोज्याचा एक धागा बिटाला अडकला की "अरे" म्हणायच्या आत अख्खा हातमोजा गुंडाळला जातो, आणि त्यात बोटं असतात. उघड्या बोटाला बिट लागलं तर कापेल, टाके पडतील. हातमोज्यासकट ओढलं गेलं तर बोट पिळवटून मुळातून निघतं. तुम्ही आणलेले महागातले तर या जागी सगळ्यांत वाईट. त्यांच्यातला धागा तुटू नये म्हणूनच बनवलेला असतो. तो तुटत नाही, हाताला घेऊन जातो. म्हणून मग साधा होजियरीचा चालेल का, असं विचारू नका. तोही नको.

ही काही माझी काउंटरवरची अक्कल नव्हे. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 22व्या कलमातसुद्धा चालू यंत्राशी ज्याला जावंच लागतं त्याचे कपडे अंगाला घट्ट बसणारे हवेत, असं लिहिलेलं होतं. सैल बाही, गळ्यातला टॉवेल, मनगटातला गंडा आणि हातमोजा, सगळ्यांना एकच नियम.

आणलेले हातमोजे वाया जाणार नाहीत. मशीन बंद करून जॉब काढताना-बसवताना, कटर बदलताना, बर (कापल्यावर राहिलेली धारदार कड) असलेला पत्रा उचलताना ते घालायचे. लेथचा लांब कुरळा बुरा हाताने ओढायचाच नाही, मग हातमोजा असो वा नसो. त्याला हुक आणि ब्रश. बेंच ग्राइंडरवरही हातमोजा नको. हातातल्या अँगल ग्राइंडरला मात्र मनगटाशी घट्ट बसणारे चामडी चालतात, कारण तिथं दोन्ही हात मुठींवर असतात. ऑडिटवाल्याला कागदावर लिहून द्या : कुठल्या कामाला घालायचे, कुठल्याला बंदी. ड्रिलवर तशी पाटी लावा. ज्याला काम कळतं तो ऑडिटर ती पाटी बघून खूश होतो. ज्याला कळत नाही त्याला माझा नंबर द्या.

प्रश्न : ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात त्या जागांना, पेस्ट लावायचं काम आमच्याकडं बायका करतात. औषधाबरोबर पातळ हातमोजे मिळतात, ते अर्ध्या ओळीत फाटतात. मग बायका प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताला रबर लावून बांधतात. संध्याकाळपर्यंत बोटांची सालं निघतात. काय आणू?
— द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : पिशव्या आधी बंद करा. पिशवीत वरून औषध ओघळतं, आत घाम साचतो, आणि आत गेलेला थेंब दिवसभर कातड्याला धरून राहतो. उघड्या हातावर पडलेलं निदान जळजळलं की बाई धुऊन तरी टाकते.

पेस्टमधलं औषध म्हणजे हायड्रोजन सायनामाइड. काडीवरचा झोपलेला डोळा ते फोडतं आणि माणसाच्या कातड्यालाही सोडत नाही. आधी लाल होतं, मग फोड, मग सालं. माणसाच्या डोळ्यात उडालं तर त्याहून वाईट, म्हणून हातमोज्यांबरोबर चष्मा घ्याच. पातळ हातमोजे फाटतात त्याला बायकांचा हलगर्जीपणा कारण नाही. नुकत्या छाटलेल्या काडीचं टोक तिरकं आणि धारदार असतं, सालही खरबरीत. दवाखान्यात वापरायचा हातमोजा त्यापुढं टिकणार कसा?

दुकानात जाऊन असं सांगा : नायट्राइलचे (हे एक कृत्रिम रबर), आतून अस्तर नसलेले, 15 मिल जाडीचे म्हणजे 0.38 मिलिमीटर, आणि 13 इंच लांबीचे. बहुधा हिरव्या रंगाचे मिळतात. जोड शे-दीडशे रुपयांच्या घरात पडेल आणि नीट वापरला तर पेस्टचं काम संपेपर्यंत जाईल. अस्तर नको, कारण औषध एकदा कापडात मुरलं की धुऊन निघत नाही. दुसऱ्या दिवशी बाई कोरडा म्हणून घालते तो हातमोजा आतूनच औषध लावत असतो.

आता एक बारीक गोष्ट, जी मला एका बागेत उभं राहिल्यावर कळली. मांडव डोक्याच्या उंचीला असतो. हात वर, पेस्टचा स्पंज वर. ओघळ बोटांकडून कोपराकडं येतो. त्यामुळं इथं बाही हातमोज्याच्या आत घालायची आणि हातमोज्याची कड दोन बोटं बाहेर दुमडायची. ओघळ त्या दुमडीत अडतो. सोयाबीन, कपाशी असं खाली वाकून फवारायचं पीक असेल तर उलट : हातमोजा आत, बाही वर. त्याच बाईला दोन पिकांत दोन तऱ्हेने घालावा लागतो, हे कुठल्याही पाकिटावर लिहिलेलं मी पाहिलं नाही.

काम थांबलं की हातमोजे हातात असतानाच साबणाने धुवायचे, मग काढायचे, मग हात पुन्हा धुवायचे. त्याआधी भाकरीला हात नाही, मिश्रीला नाही, तंबाखूला नाही. सकाळी घालण्याआधी हातमोज्यात पाणी भरून दाबून बघा. भोक असेल तर धार दिसते.

आणखी एक, हातमोज्याबाहेरचं. हे औषध अंगात गेलेलं असताना दारू पोटात गेली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. आदल्या दिवसापासून पुढं आठवडाभर बाटली बंद. औषधाच्या कागदावर हे बारीक अक्षरात असतं, पण फवारणीच्या पंपावरचा गडी तो कागद वाचत नाही. तुम्ही तोंडाने सांगा.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्यानंतर फवारणीचे किट वाटायचा जोर झाला. मी जे किट उघडून पाहिले त्यांत टोपी, मास्क, एप्रन होतं आणि हातमोजा तोच, फुंकर मारली तर उडेल असा.

प्रश्न : मी नगरपरिषदेच्या घंटागाडीवर काम करते. ठेकेदार देतो ते हातमोजे मोठे होतात, बोटांची टोकं लोंबतात. काचा, ब्लेड, इंजेक्शनच्या सुया, सगळं टोचतं. सुई न टोचणारा हातमोजा मिळतो का?
— घंटागाडी कामगार, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, आधी मापाचं बघू. शिंप्याचा टेप घ्या. अंगठा सोडून तळहाताभोवती, बोटांच्या मुळाशी, गुंडाळा. जितके इंच भरतील तोच तुमचा नंबर. 7 इंच भरले तर 7 नंबर. बहुतेक बायकांचा 6 ते 7 असतो. ठेकेदार एकगठ्ठा 9 किंवा 10 नंबर उचलतो आणि वर "फ्री साइज" म्हणतो. लोंबणाऱ्या टोकांनी पिशवीची गाठ सुटत नाही, मग बाई हातमोजा काढून गाठ सोडते आणि नेमकी तेव्हाच काच लागते. 7 नंबर त्याच किमतीला मिळतो, मागवावा लागतो एवढंच.

सुईबद्दल खरं सांगते : साध्या बाजारात मिळणारा कुठलाच हातमोजा सुई अडवत नाही. चांगल्या हातमोज्याच्या पाठीवर हातोड्याचं छोटं चित्र असतं, शेजारी ईएन 388 (हे युरोपचं मानक) आणि खाली आकड्यांची रांग. पहिला आकडा घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. पुढं एक अक्षर असतं, ए पासून एफ पर्यंत, तेही कापण्याचंच पण वेगळ्या यंत्रावरचं आणि जास्त भरवशाचं. एक्स लिहिलेलं असेल तर ती चाचणी केलेलीच नाही. आता चौथ्या आकड्याची गंमत बघा. टोचण्याची चाचणी करतात ती साडेचार मिलिमीटर जाडीच्या बोथट टोकाच्या लोखंडी कांडीने. इंजेक्शनची सुई एक मिलिमीटरही जाड नसते. त्यामुळं तिथं 4 पैकी 4 मिळवलेल्या हातमोज्यातूनही सुई आरपार जाते. सुईसाठीची चाचणी निराळी आहे आणि त्यात उतरलेले हातमोजे पोलिसांच्या झडतीसाठी वगैरे बनतात. महाग असतात, घंटागाडीवर मी अजून पाहिले नाहीत.

म्हणून काच आणि ब्लेडसाठी हातमोजा, आणि सुईसाठी लांब चिमटा. हातमोजा असा मागा : आत कट-रेझिस्टंट विणीचा, कापण्याचं अक्षर डी किंवा त्यापुढचं, टोचण्याचा आकडा 4, आणि नायट्राइलचा लेप नुसता तळव्याला नको, पाठीवरही हवा, कारण ओल्या कचऱ्याचं पाणी पाठीवरूनच आत जातं. पिशवी खालून तळव्यावर तोलू नका, गाठीला धरून अंगापासून लांब ठेवा. आणि कचरा हाताने दाबून बसवू नका. सुया जास्त करून तेव्हाच लागतात.

सुई टोचलीच तर जखम पिळायची नाही, चोखायची नाही. साबण-पाण्याने धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. एचआयव्ही होऊ नये म्हणून देतात त्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि जितक्या लवकर तितकं बरं. "ड्युटी संपल्यावर जाऊ" असं करू नका. काविळीची म्हणजे हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर ती आधीच घेऊन ठेवा. आणि घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत कचरा हाताळणाऱ्या कामगाराला गणवेश, हातमोजे, रेनकोट, बूट, मास्क द्यायचे असं स्पष्ट लिहिलं होतं. ठेकेदार उपकार करत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्या वाचकांनो, तुमच्या सुया एखाद्या जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत जमवा, झाकण घट्ट लावा, वर मार्करने "सुया" लिहा.

प्रश्न : मी एम.एस्सी. करतेय. लॅबमध्ये निळे पातळ नायट्राइल ग्लोव्हज असतात. ॲसिटोन सांडलं तर हाताला गार लागतं. सर म्हणतात, ग्लोव्हज आहेत ना मग झालं. ते बरोबर आहे का?
— विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : गार लागतं म्हणजे काहीतरी आत पोचायच्या बेतात आहे, असं धरून चाल. पातळ नायट्राइलमधून ॲसिटोन मिनिटभरातच पार होतं. डायक्लोरोमिथेनही तसंच. हातमोजा फाटत नाही, भोक पडत नाही, रसायन सरळ त्या रबरातून झिरपतं. नायट्राइल तेलाला, ग्रीसला, पेट्रोलला चांगला. ॲसिटोनसाठी ब्यूटिल रबर लागतं आणि डायक्लोरोमिथेनसाठी अनेक पदरी लॅमिनेटचे येतात, दिसायला खाऊच्या चंदेरी पाकिटासारखे. लॅबचे निळे हातमोजे शिंतोड्यापुरते : उडालं की लगेच काढायचे, हात धुवायचे, नवीन घालायचे. घालून तासभर फिरायचे, त्याच हाताने मोबाइल उचलायचा, असे नाहीत.

तुझ्या सरांना कदाचित हे नाव ठाऊक असेल. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात कॅरेन वेटरहान नावाच्या रसायनशास्त्रज्ञ होत्या. विषारी धातूंवरच त्यांचं काम. ऑगस्ट 1996 मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे एक-दोन थेंब त्यांच्या लेटेक्स, म्हणजे नैसर्गिक रबराच्या, हातमोज्यावर पडले. त्यांनी सगळी खबरदारी घेतली होती, वाफा ओढून घेणाऱ्या हूडखाली काम चाललं होतं. महिने गेले, मग तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं. जून 1997 मध्ये त्या गेल्या. नंतर चाचणी केली तेव्हा कळलं, की ते रसायन तसल्या हातमोज्यातून काही सेकंदांत आरपार जातं. तोवर हे कुणाला माहीत नव्हतं. आज माहीत असतं. हातमोज्याच्या खोक्यावर ईएन आयएसओ 374 आणि खाली अक्षरं असतात. ए म्हणजे मिथेनॉल, बी ॲसिटोन, डी डायक्लोरोमिथेन, एफ टोलुइन, के कॉस्टिक सोडा, एल तीव्र सल्फ्युरिक. जाड नायट्राइलवर पुष्कळदा जे, के, एल दिसतात. त्यात बी आणि डी नाहीत हे वाचता आलं, की सरांना दाखवायला पुरावा झाला.

प्रश्न : मी घरांवर सोलर बसवतो. ऑनलाइन "शॉकप्रूफ" पिवळे रबरी हातमोजे 300 रुपयांत मिळतात. घेऊ का?
— सोलर टेक्निशियन, बारामती

उत्तर : भांडी घासायला घ्या.

विजेच्या हातमोज्यावर छापलेला क्लास असतो आणि किती व्होल्टचा ते लिहिलेलं असतं. आपल्याकडचं मानक आयएस 4770, परदेशी मालावर आयईसी 60903. क्लास 00 एसी 500 व्होल्टपर्यंत, क्लास 0 एसी 1,000 व्होल्ट आणि डीसी 1,500 व्होल्टपर्यंत. हातमोज्यांवर क्लास, तारीख, नंबर काही नसेल तर ते विजेचे नाहीत, रंग कुठलाही असो. छतावर दहा-बारा पॅनेल एकामागोमाग जोडली की चार-पाचशे व्होल्ट डीसी सहज होतं, आणि ऊन असेपर्यंत पॅनेलमधली ती वीज बंद करायला बटण नाही. तुम्हाला क्लास 0 लागेल, लाल लेबलचा. त्यावर चामड्याचा वेगळा हातमोजा चढवायचा, कारण रबराला पॅनेलच्या फ्रेमचा एक कोपरा लागला की संपलं. चामडं विजेसाठी नाही, रबर जपण्यासाठी.

दररोज घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत हवा बोटांकडं कोंडा, गालाशी धरा. कुठं फुसफुस जाणवली तर तो कापून फेका, म्हणजे हेल्पर उचलून वापरणार नाही. उन्हात, डिकीत, घडी घालून ठेवू नका. हाताला व्हॅसलीन लावून घालू नका, तेलाने रबर खलास होतं. आणि हे सगळं असलं तरी आधी आयसोलेटर (पॅनेलपासून पुढची लाइन तोडणारा स्विच) बंद.

प्रश्न : मासे कापताना बोट कापतं म्हणून लेकीने पांढरा-राखाडी विणलेला कट-प्रूफ हातमोजा पाठवलाय. वापरू का?
— रत्नागिरी

उत्तर : वापरा, विळीवर चांगला. ज्या हातात मासा धरता त्या हातात घाला आणि वर पातळ रबरी चढवा, नाहीतर विणीत खवलं आणि वास बसतो. गरम पाण्यात उकळू नका, तो धागा एक जातीचं प्लॅस्टिकच असतं. मात्र शिंगाळा मासा आला की त्याच्यावर विसंबू नका. विणीच्या फटीतून त्याचा काटा सरळ आत जातो, आणि शिंगाळ्याचा काटा काय करतो हे मी रत्नागिरीकरांना सांगायला नको. आधी काटे मोडा, पक्कड वापरा. "कट-प्रूफ" हा शब्द दुकानदारांचा आहे. कापायला वेळ लावतो एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : वेल्डिंगचे चामडी हातमोजे घामाने भिजून कडक होतात. धुतले तर चालतील?
— फॅब्रिकेटर, जयसिंगपूर

उत्तर : धुऊ नका. सावलीत वाळवा, दोन जोड आलटून-पालटून वापरा. ओलं चामडं घालून होल्डर धरलात तर करंट बसतो. कडक व्हायचं मोठं कारण घाम नसतं. तापलेला जॉब हातमोज्यानेच उचलायची सवय हे असतं. चामडं आखडतं आणि मग मूठ वळत नाही. जॉबला सांडशी. टिग वेल्डिंगला जाड हातमोजा नको, बारीक बकऱ्याच्या चामड्याचा घ्या, रॉड बोटात फिरला पाहिजे. हेल्परने प्लॅस्टिकच्या ठिपक्यांचे किंवा पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) लेपाचे घालून जवळ उभं राहू नये, ठिणगीने ते वितळतात. आणि कोणाच्या फौंड्रीत अजून अ‍ॅस्बेस्टॉसचे जुने हातमोजे खुंटीला लटकत असतील, तर ते काढायची वेळ कधीच होऊन गेलीय.

प्रश्न : मी जनावरांना कृत्रिम रेतन करतो. द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमधून रेताची कांडी काढताना कुठला हातमोजा घालावा? आता लोकरीचे वापरतो.
— फलटण तालुका

उत्तर : लोकरीचे आजच बंद. द्रव नायट्रोजन उणे 196 अंशांवर असतो. विणीत मुरला की कातड्याला चिकटून बसतो आणि तुम्हाला झटकताही येत नाही. यासाठी क्रायोचे, म्हणजे अतिथंड वस्तूंसाठीचे, वेगळे हातमोजे येतात, पाणी न शिरणारे, आतून जाड, आणि मुद्दाम सैल. सैल एवढ्यासाठी, की आत काही गेलं तर हात खाली झटकून हातमोजा गळून पडला पाहिजे. तरी तो हातमोजा कंटेनरमध्ये बुडवायचा नसतो, कांडीला लांब चिमटाच. कंटेनर भरताना चेहऱ्याला शील्ड, पँट बुटाच्या बाहेर. आणि बंद गाडीत काचा लावून कंटेनर नेऊ नका. हा हातमोज्याचा विषय नाही, पण नायट्रोजन हवेतला प्राणवायू ढकलतो आणि त्याचा वासही येत नाही.

प्रश्न : भांड्यांसाठी रबरी हातमोजे वापरते तर खाज जास्तच सुटते. साबणाचा दोष की हातमोज्याचा?
— बऱ्याच जणी

उत्तर : पिवळे-गुलाबी हातमोजे बहुधा नैसर्गिक रबराचे असतात आणि काहींना त्याचीच ॲलर्जी असते. नायट्राइलचे किंवा विनाइलचे घेऊन पंधरा दिवस बघा. आत पातळ सुती मोजे घाला, रोज धुवा, रबरी उलटे करून वाळवा. भेगा पडल्या असतील तर त्वचेच्या डॉक्टरांकडं जा, माझ्याकडं नको. आणि केळी-पपई खाल्ल्यावर ओठ खाजत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, रबराच्या ॲलर्जीबरोबर पुष्कळदा ते येतं.

प्रश्न : ऊसतोडीला टोळी येणार आहे. त्यांच्यासाठी हातमोजे घ्यायचेत. पण ते म्हणतात, आम्हाला डाव्या हाताचेच द्या. जोडातला एकच मिळतो का?
— वाहतूकदार, शिरोळ तालुका

उत्तर : मागणी अगदी रास्त आहे. डाव्या हाताने ऊस कवेत धरायचा, पाचट सोलायचं. पात्याच्या कडांनी आणि बारीक कुसांनी डाव्याचीच चाळण होते. उजव्या हातात कोयता. तिथं सैल हातमोजा असला तर मूठ घामाने फिरते, त्यामुळं पुष्कळ जण उजवा मोकळाच ठेवतात.

डाव्याला लेटेक्सचा खरबरीत लेप असलेला, मनगटाला विणीची पट्टी असलेला घ्या. हातापासून कोपरापर्यंत जुन्या पँटच्या पायाची बाही शिवली तर पाचटाचे ओरखडे वाचतात. टोळीतल्या बायका हे आधीपासून करतात. कट-रेझिस्टंट घेतलात तरी कोयत्याचा घाव तो अडवेल असं त्यांना सांगू नका. त्याची चाचणी पातं सावकाश ओढून करतात. वरून बसलेला घाव वेगळाच.

एकेरी कोणी विकत नाही. मी देते, कारण दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला हीच मागणी येते. माझ्याकडं आता उजव्या हातांचा एक पोता भरलाय. कुठं डावखुऱ्यांची टोळी असेल तर कळवा, निम्म्या भावात देईन.